जुनाट सर्दीचे अर्थकारण

आजारांच्या जगातही प्रतिष्ठेची एक उतरंड असते. हृदयविकारातून उठलेला माणूस कचेरीत परतला की त्याची खुर्ची पंख्याखाली सरकविली जाते. मधुमेही सहकाऱ्याचा बिनसाखरेचा चहा शिपायाच्याही लक्षात राहतो. परंतु नाक चोंदलेले, कपाळ जड, घशात सतत काहीतरी उतरते आहे आणि अन्नाला वास नाही, अशा अवस्थेत जो गृहस्थ वर्षानुवर्षे वेळेवर कामावर येतो, त्याच्या वाट्याला फारतर ''अजून सर्दी गेली नाही का?'' एवढा प्रश्न येतो, आणि तोही दर वेळी सहानुभूतीनेच विचारलेला असतो असे नाही. सायनसचा जुनाट विकार आपण आजारांत जमाच धरलेला नाही. त्यासाठी रजा मागण्याचा संकोच वाटतो, डॉक्टरकडे जाण्याचा कंटाळा येतो आणि औषधाच्या दुकानात मात्र महिन्यातून दोनदा पाऊल वळते.

हा विकार क्षुल्लक आहे, ही समजूत कितपत खरी आहे? १९९५ साली बोस्टनमधील दोन नाक-कान-घसातज्ज्ञांनी तज्ज्ञाकडे उपचारासाठी आलेल्या जुनाट सायनसच्या रुग्णांची प्रकृती एका सर्वमान्य प्रश्नावलीच्या साहाय्याने मोजली. शारीरिक वेदना आणि सामाजिक व्यवहार या दोन बाबतींत या रुग्णांची अवस्था हृदयाची कार्यक्षमता मंदावलेल्या, फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या आणि पाठदुखीने त्रस्त असलेल्या रुग्णांपेक्षाही वाईट असल्याचे त्यांना आढळले. या रोगाने माणूस मरत नाही हे खरे. तथापि तो कामावर हजर असतो आणि काम मात्र अर्धेच होते. हजेरीपटावर न दिसणारी ही तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही हिशेबात पकडता येत नाही, म्हणून ती नाही असे आपण धरून चालतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या प्रांतात कशासाठी शिरावे, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. या रोगाचे स्वरूप आणि त्यावरील मूलभूत उपचार यांविषयी वैद्यकात आज बऱ्यापैकी एकवाक्यता आहे. ज्या मुद्द्यांवर ती नाही, त्यांचा निर्णय तज्ज्ञांनीच करावयाचा आहे. परंतु जे ठाऊक आहे ते रुग्णापर्यंत का पोचत नाही, आणि जे निरुपयोगी ठरले आहे ते धडाक्याने का विकले जाते, हा प्रश्न बाजारपेठेचा आहे. तो आमच्या प्रांतात मोडतो.

प्रथम रोगाविषयी. कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात आणि आत कवटीच्या तळाशी अशा हाडांतील पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांनाच आपण सायनस म्हणतो, आणि रोगालाही तेच नाव देऊन मोकळे होतो. या पोकळ्यांच्या अस्तरातून श्लेष्मा सतत स्रवत असतो आणि केसांहून सूक्ष्म असे असंख्य तंतू सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून तो नाकाकडे आणि तेथून घशाकडे ढकलीत असतात. ही सफाईची व्यवस्था मोठी विलक्षण आहे. गालातील पोकळीचे तोंड तळाशी नसून वरच्या अंगाला आहे. म्हणजे तेथील श्लेष्मा गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढवावा लागतो. अमेरिकेतील कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसच्या ल्यूक यांनी १८९७ मध्ये जी शस्त्रक्रिया रूढ केली, तीत या पोकळीला खालच्या बाजूने नवी वाट काढून दिली जात असे. पाणी उताराकडे वाहते, हा व्यवहारी तर्क त्यामागे होता. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझचे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून पाहून दाखवून दिले की, ते सूक्ष्म तंतू नव्या भोकाला बगल देऊन श्लेष्मा आपल्या मूळच्या दाराकडेच नेतात! नगरपालिकेने नवे गटार बांधावे आणि सफाई कामगारांनी जुन्याच वाटेने जावे, तशातला हा प्रकार. मूळचे दार मोकळे करावयास हवे, ही आजच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमागील कल्पना त्यातून निघाली.

हे अस्तर सुजले की दार बंद होते, आत श्लेष्मा साचतो आणि साचलेल्या श्लेष्म्याने अस्तर अधिक सुजते. साध्या सर्दीतही हे घडते व आठ-दहा दिवसांत ओसरते. नाक चोंदणे किंवा नाकातून वा घशात स्राव येणे यांपैकी एक लक्षण, त्याच्या जोडीला चेहऱ्यावरील दाब किंवा वास कमी होणे, आणि हे सारे बारा आठवड्यांहून अधिक काळ, शिवाय दुर्बिणीने किंवा सीटी स्कॅनने मिळालेला पुरावा, एवढे जमले म्हणजे तो जुनाट सायनस. २०२०च्या युरोपीय तज्ज्ञांच्या निवेदनाने हीच व्याख्या पुढे चालविली आहे. यात ध्यानी घ्यावयाची गोष्ट अशी की, जुनाट सायनस हा प्रामुख्याने अस्तराच्या दाहाचा रोग आहे. जंतूंचा वाटा त्यात बहुधा दुय्यम असतो. त्याचे नाते पिकलेल्या गळवाशी कमी आणि दम्याशी अधिक आहे. दमा आणि सायनस एकाच माणसात वारंवार एकत्र आढळतात ते उगाच नाही. ज्याला आपल्याकडे ''नाकात मांस वाढले'' म्हणतात, ते मांसही या सुजेतूनच लोंबू लागलेले अस्तर असते. ॲलर्जी, धूम्रपान, चुलीचा धूर, वरच्या दाढेच्या मुळाशी झालेला पू, काहींच्या बाबतीत ॲस्पिरिनसारख्या गोळ्या न सोसणे, अशी कारणे यांत मिसळलेली असतात. कचेरीतील दप्तरखान्यात फडक्यात बांधलेल्या फायली झटकणाऱ्या कारकुनाने आणि कोरड्या डस्टरने फळा पुसणाऱ्या शिक्षकाने आपल्या नाकाचा विचार या दृष्टीने करावयास हरकत नाही. ओले फडके ही काही खर्चिक सुधारणा नव्हे.

दुसऱ्या बाजूने, ज्याला लोक सायनस म्हणतात ते पुष्कळदा सायनस नसतेच. कपाळ दुखले, डोळ्यांमागे ठणकले की ''माझा सायनस उठला'' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आपली डोकेदुखी सायनसची आहे असे मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसे सांगितलेल्या २,९९१ जणांची नीट चौकशी केली असता त्यांपैकी ८८ टक्के लोकांचे दुखणे अर्धशिशीच्या जातीचे निघाले. नाक वाहत नाही, चोंदत नाही, केवळ डोके दुखते, अशा माणसाने वर्षानुवर्षे नाकाची औषधे घ्यावीत आणि अर्धशिशीवरील उपचारांना मुकावे, हा अपव्यय केवळ पैशाचा नाही. ऐन सर्दीत काढलेल्या फोटोंचीही हीच गत. १९९४ साली अमेरिकेत साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी स्कॅन काढले असता त्यांतील २७ जणांच्या गालांच्या पोकळ्यांत दोष दिसला. त्यांपैकी ज्यांचे स्कॅन काही दिवसांनी पुन्हा काढले, त्यांतील बहुतेकांचा दोष प्रतिजैविक औषधांवाचून निवळला होता. सर्दीच्या तिसऱ्या दिवशी काढलेल्या फोटोत ''सायनस भरला आहे'' असे दिसले, तर त्यात नवल नाही आणि बहुधा उपयोगही नाही.

आता बाजारपेठेकडे वळू. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या एका निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून वेगळा का असतो याची मांडणी केली. आरोग्याच्या अर्थशास्त्राचा अभ्यास आजही तेथूनच सुरू होतो. ग्राहकाला आपल्याला काय हवे हे ठाऊक नसते, विक्रेत्याला अधिक ठाऊक असते, आणि घेतलेल्या मालाचा गुण आला की नाही हे घेतल्यानंतरही नक्की सांगता येत नाही, हे त्यातील सार. जुनाट सायनसच्या बाबतीत हा तिसरा मुद्दा विशेष लागू पडतो, कारण हा रोग स्वभावतःच चढउताराचा आहे. माणूस औषध घेतो तो त्रास शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही घेतले वा न घेतले तरी उतार पडणार असतोच. मग त्या आठवड्यात जे पोटात गेले असेल त्याला श्रेय मिळते. अशा रीतीने निरुपयोगी औषधाची ख्याती वाढते आणि पुढच्या खेपेला तेच मागितले जाते.

या श्रेयाचा सर्वांत मोठा लाभार्थी म्हणजे प्रतिजैविक औषधे. नाकातून हिरवा-पिवळा स्राव आला म्हणजे जंतुसंसर्ग, ही समजूत सुशिक्षितांतही पक्की आहे. वस्तुतः तो रंग बव्हंशी शरीराच्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. तीन दिवसांच्या तीन गोळ्यांचा ''कोर्स'' आता इतका घरगुती झाला आहे की, शेजारीही तो सुचवितात. भारतातील खासगी क्षेत्रात २०१९ साली खपलेल्या प्रतिजैविकांच्या एका अभ्यासानुसार प्रौढ माणसाच्या एका दिवसाच्या मात्रेच्या हिशेबाने हा खप ५०० कोटींहून अधिक मात्रांचा होता आणि त्यात पहिला क्रमांक ॲझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा होता. त्याच वर्षी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभर १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेटने प्रसिद्ध केला. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात त्याचे याहून चोख उदाहरण वर्गात देण्यासाठी मला सापडलेले नाही. गोळी घेणाऱ्याला पन्नास-शंभर रुपये मोजावे लागतात. तिची उरलेली किंमत अतिदक्षता विभागात पडलेला कोणी अनोळखी रुग्ण मोजतो.

थेंबांची कथा वेगळी आहे. नाक तत्काळ मोकळे करणारे झायलोमेटॅझोलीन किंवा ऑक्सिमेटॅझोलीनचे थेंब चार-पाच दिवसांपुरते उपयोगी आहेत. त्यापुढे मात्र औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, म्हणून पुन्हा थेंब, असे चक्र सुरू होते. ही बाटली उशाखाली ठेवल्याशिवाय झोप न येणारी माणसे प्रत्येक शिक्षक-कक्षात दोन-तीन तरी सापडतील. आपण व्यसनी आहोत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असणारे फिनाइलेफ्रिन तर तोंडावाटे घेतल्यास नाक मोकळे करीतच नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते अशा गोळ्यांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्या दुकानांतील फळ्यांवर त्याचा काही परिणाम दिसत नाही. आणि वाफेचे काय? इंग्लंडमधील ७२ दवाखान्यांतील ८७१ रुग्णांवर केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात वाफेमुळे डोकेदुखी थोडी हलकी झाली, बाकी लक्षणांत फरक पडला नाही. आजीच्या वाफेवर विश्वास असणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. केवळ पातेले कलंडून भाजणार नाही एवढे पाहावे.

त्याच परीक्षणात ज्या उपायाचा गुण दिसला, तो म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. गुण अफाट नव्हता, पण होता; शिवाय त्यासाठी कारखाना लागत नाही. पाव लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, असे पाणी कोमट करून वाकून एका नाकपुडीतून घ्यावे, दुसरीतून जाऊ द्यावे आणि तोंडाने श्वास चालू ठेवावा. हा उपाय योगाच्या जलनेतीसारखाच आहे. हठयोगप्रदीपिकेत नेती आहे ती दोऱ्याची, म्हणजे सूत्रनेती. पण पाण्याची नेती आपल्या योगशिक्षकांनी कित्येक पिढ्या शिकविली आहे, आणि योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी म्हणून स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले त्यालाही शंभर वर्षे होऊन गेली. असे असूनही नाकात पाणी म्हणताच शंभरांतील नव्वद सुशिक्षित दचकतात. याबाबतीत एक पथ्य मात्र कडक आहे. पाणी उकळून निवविलेलेच हवे. नळाचे, विहिरीचे किंवा टाकीचे कच्चे पाणी नाकात वर गेल्यास त्यातील एक अमीबा मेंदूपर्यंत पोचू शकतो. हा प्रकार अत्यंत दुर्मीळ असला तरी जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात दोन माणसे नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे दगावली. केरळमध्ये २०२४ पासून अशा मेंदूज्वराचे रुग्ण वाढू लागल्यावर कच्च्या पाण्याची धास्ती आपल्याकडेही पोचली आहे. धास्ती पाण्याची धरावी, धुण्याची नव्हे.

नाक धुतल्यानंतर काही वेळाने स्टेरॉइडचा फवारा मारणे हा उपचाराचा दुसरा पाय. येथे नव्या भीतीशी गाठ पडते. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ काळ्या बुरशीने महाराष्ट्रात जो हाहाकार माजविला, त्याच्या आठवणी ताज्या आहेत. सायनसमध्ये शिरलेल्या त्या बुरशीने अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. अनियंत्रित मधुमेह आणि करोनाच्या उपचारांत तोंडावाटे किंवा शिरेतून दिलेली स्टेरॉइडे ही त्यामागील प्रमुख कारणे होती. तेव्हापासून ''स्टेरॉइड'' हा शब्द ऐकताच रुग्ण बाटली परत करतो. फवाऱ्यातील मोमेटॅसोन किंवा फ्लुटिकॅसोनसारख्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि त्यातील अत्यल्प अंशच रक्तात उतरतो, हे त्याला समजावून सांगण्याइतका वेळ दवाखान्यात कोणाला नसतो. दुसरी अडचण फलाची. थेंबांचा परिणाम पाच मिनिटांत, फवाऱ्याचा काही आठवड्यांनी. त्याचा निवाडा करावयाचा तर आठ ते बारा आठवडे रोज वापरावयास हवा. चौथ्या दिवशी ''काही उपयोग नाही'' म्हणून तो कपाटात जातो. तिसरी अडचण हाताची. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरून, मान किंचित खाली घालून, फवारा बाहेरच्या भिंतीकडे म्हणजे डोळ्याच्या दिशेने मारावयाचा असतो आणि जोरात ओढावयाचा नसतो. बहुतेक लोक तो सरळ वर, मधल्या पडद्यावर मारतात. मग रक्त येते, भीती खरी वाटू लागते आणि औषध सुटते. काचबिंदू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, एवढी सावधगिरी पुरेशी आहे.

पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकावर अवलंबून असलेला हा उपचार आहे आणि नेमक्या त्या पाच मिनिटांना आपल्या व्यवस्थेत भाव नाही. मिठाचा प्रचार करीत दवाखान्याच्या बाहेर बॅग घेऊन बसणारा प्रतिनिधी नसतो. डॉक्टरांना फी मिळते ती चिठ्ठीसाठी, दुकानदाराला नफा मिळतो तो गोळीवर. यात कोणी दुष्ट असावयास हवे असे नाही. प्रत्येक जण आपल्यासमोरील प्रलोभनांना सुसंगत वागतो, आणि एकूण फलित मात्र कोणालाच नको असलेले निघते.

शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. ''नाकाचे हाड वाढले आहे, कापून टाका'' हे एक आणि ''ऑपरेशन केले तरी पुन्हा होतेच'' हे दुसरे. सत्य अधिक गुंतागुंतीचे आहे. ब्रिटनमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर केलेले एक परीक्षण २०२५ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. धुणे आणि फवारा यांनी ज्यांचे भागले नव्हते अशांपैकी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्यांना सहा महिन्यांनंतर स्पष्ट लाभ दिसला. तीन महिने दिलेले प्रतिजैविक औषध बनावट गोळीहून सरस ठरले नाही. म्हणजे योग्य रुग्णाच्या बाबतीत शस्त्रक्रियेस उगाच नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु तीही अस्तराचा स्वभाव पालटीत नाही. ती दार उघडते, जेणेकरून पाणी आणि फवारा आत पोचावेत. त्यानंतर धुणे थांबविणारा रुग्ण आणि ते थांबवू देणारा डॉक्टर यांना ''पुन्हा झाले'' असे म्हणण्याचा अधिकार नाही. एकाच बाजूचा त्रास, नाकातून रक्त, डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, ही लक्षणे असतील तर मात्र तीन महिन्यांचा हिशेब न करता तज्ज्ञ गाठावा. मधुमेह्यांनी तर त्याच दिवशी.

आता विम्याकडे पाहा. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी चोवीस तास रुग्णालयात राहिल्यावर किंवा ठरावीक शस्त्रक्रिया झाल्यावरच पैसे देतात. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजनाही रुग्णालयातील उपचारांची आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे हजारो रुपये मिळू शकतात. ती टाळू शकणाऱ्या फवाऱ्याचे महिन्याचे दोन-चारशे रुपये मिळत नाहीत. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्यलेखा सांगतो. ही प्रगती मान्य करूनही असे म्हणावे लागते की, उरलेल्या खर्चाचा मोठा भाग याच नित्याच्या, रुग्णालयाबाहेरील, न संपणाऱ्या औषधांचा आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा आणि सायनस यांची रचना एकच: रोज थोडे, आयुष्यभर, आणि न घेतल्यास पुढे मोठे बिल.

कर्मचारी आणि शिक्षक संघटनांच्या मागणीपत्रकांत महागाईभत्त्याच्या खालोखाल बाह्यरुग्ण औषधोपचाराच्या वार्षिक भरपाईचे कलम यावयास हवे, आणि नगरपालिकांच्या दवाखान्यांत परिचारिकेने नाक धुण्याचे व फवारा मारण्याचे प्रात्यक्षिक दाखविणे हे नोंद होणारे, मोजले जाणारे काम ठरावयास हवे. एवढ्या मोठ्या योजनेस कोठून प्रारंभ करावा असा सरकारला प्रश्न पडेल, तर जुनाट सायनसचा रुग्ण त्यासाठी सोयीचा आहे. त्याची नित्याची औषधे दोन, त्यांतील एक स्वयंपाकघरातील आणि दुसरे परवडणारे. आणि शिकवणी एकदा नीट झाली म्हणजे बहुतेकांना तज्ज्ञाकडे तीन महिन्यांनी एक फेरी पुरते.